साथीत माणसं किती दिवस अंतर पाळू शकतात?

एका जिल्ह्यातले तरुण आरोग्य अधिकारी पुढच्या साथीसाठी आराखडा लिहीत आहेत. त्यात शारीरिक अंतराच्या उपायांसमोर 'कालावधी' असा एक रकाना आहे. त्यांचे वरिष्ठ म्हणतात, तीन आठवड्यांपुढे लोक ऐकत नाहीत, तेवढंच लिहा. सहकारी डॉक्टर म्हणतात, कोरोनात लोकांनी दोन वर्षं पाळलंच की, गरज पडेल तितकं लिहा. या दोघांत खरं कुणाचं, असं त्यांनी विचारलं आहे.

मी सव्वीस वर्षं शहरी आरोग्य खात्यात काम केलं, त्यातली शेवटची अडीच वर्षं कोरोनाची. त्या अनुभवावरून सांगते, दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत आहेत. कामधंदे, वाहतूक, बाजार सगळं बंद ठेवायचं असेल, तर हातावर पोट असलेल्या वस्तीत ते दहा-बारा दिवस टिकतं. त्याच वस्तीत घरोघर धान्य आणि थोडा रोख पैसा पोचला तर सहा ते आठ आठवडे टिकतं. लग्नं, जत्रा, सभा, उत्सव यांची गर्दी टाळणं वर्षभर जमतं, मात्र ज्यांचा उत्सव आहे त्यांना विचारून नियम ठरवावे लागतात. मास्क, उघड्या खिडक्या, ताप आला की घरी थांबणं, या गोष्टी दोन वर्षंही चालतात. त्यातही शेवटची गोष्ट फक्त त्यालाच जमते, ज्याचा त्या दिवसांचा पगार कापला जात नाही. म्हणजे एकाच रकान्यात एकच आकडा लिहिणं हीच पहिली चूक.

एक शब्द आधी बाजूला ठेवू. 'सामाजिक अंतर' हा शब्द मी वापरत नाही, तुम्हीही आराखड्यात वापरू नका. ज्या समाजात विहिरीवर, देवळात, चहाच्या कपात पिढ्यान्‌पिढ्या सामाजिक अंतर पाळलं गेलं, तिथे सरकारी फलकावर तोच शब्द लिहिला की काय होतं ते मी वस्त्यांमधून पाहिलं आहे. सफाई कामगाराच्या मुलीला नळावर दूर उभं करणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर त्या फलकाकडे बोट दाखवलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनंही मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' म्हणायला सुरुवात केली. दुरावा शरीरांत हवा, तोही काही दिवस.

आता थोडं गणित, कारण वरिष्ठांसमोर तुम्हाला ते मांडावं लागेल. समजा शहरात रोज १००० नवे रुग्ण सापडत आहेत. एका रुग्णाकडून पुढच्याला लागण व्हायला सरासरी पाच दिवस लागतात असं धरा, म्हणजे सहा आठवड्यांत लागणीच्या साधारण आठ फेऱ्या होतात. काहीच बंधन नसताना एक रुग्ण अडीच जणांना आजार देतो. टाळेबंदीमुळे तो आकडा ०.८ वर आला, तर आठ फेऱ्यांनंतर रोजचे रुग्ण सुमारे १७० उरतात. टाळेबंदी आणखी कडक केली आणि आकडा ०.६ वर नेला, तर उरतात १७. ऐकायला फार मोठा फरक वाटतो. पण मग एका सकाळी सगळं पूर्ववत उघडा. पुन्हा एकाकडून अडीच जणांना. १७० चे पुन्हा १००० व्हायला लागतात दहा दिवस, आणि १७ चे १००० व्हायला बावीस. इतकी जास्तीची सक्ती करून हाती आले बारा दिवस.

याउलट, त्या सहा आठवड्यांत तुम्ही चाचण्यांची सोय उभी केली, संपर्क शोधणारी माणसं नेमली, मास्क वाटले, कारखान्यांत आणि कार्यालयांत हवा खेळती केली, आणि उघडल्यावर आकडा अडीचऐवजी १.२ वर राहिला असं धरा. मग १७० चे १००० व्हायला सात आठवडे लागतात. हे कागदावरचं ढोबळ गणित आहे, खरी साथ इतकी सरळ चालत नाही. पण टाळेबंदी कशासाठी असते हे त्यातून नीट दिसतं. बंद दारांमागे जी तयारी होते, ती त्या दिवसांची खरी कमाई. तयारी होत नसेल, तर त्रेचाळिसावा दिवस लोकांकडून मागायचा आपल्याला अधिकार राहत नाही.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झात अमेरिकेतल्या शहरांनी शाळा, नाट्यगृहं, चर्च बंद ठेवली होती. नंतरच्या अभ्यासकांनी त्या नोंदी तपासल्या, तेव्हा बहुतेक शहरांतली ही बंधनं दोन ते आठ आठवडेच टिकली होती असं दिसलं. ज्यांनी लवकर आणि एकदम अनेक उपाय केले तिथे पहिली लाट बुटकी राहिली, आणि बंधनं उठल्यावर आजार पुन्हा चढू शकला. सॅन फ्रान्सिस्कोनं नोव्हेंबर १९१८ मध्ये मास्क काढले. जानेवारीत पुन्हा लावायची वेळ आली, तेव्हा विरोधासाठी संघटना उभी राहिली. पहिल्यांदा मास्क लावणाऱ्या शहरात दुसऱ्या वेळी ही लढाई झाली, यातून माझ्या कामाचा धडा मी घेतला तो असा: पुन्हा बंद करावं लागेल हे लोकांना उघडतानाच सांगून ठेवायचं.

आता ज्या गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त जीव आहे, तिच्याकडे येते. लोक का मोडतात?

एप्रिल २०२० मध्ये आमच्या भागातल्या एका वस्तीला पत्रे आणि बांबू लावून बंद केलं. दहा बाय बाराच्या खोल्या, एकेका खोलीत सहा-सात माणसं. संडास सार्वजनिक, आठ शीटचा, त्यातल्या दोन शीट तुंबलेल्या. पाणी सकाळी पावणेदोन तास. पहिल्या आठवड्यात कुणी बाहेर पडलं नाही. पोलिसांची भीती होती, पण आजाराची भीती त्याहून मोठी होती. दहाव्या दिवशी सकाळी सहाला मी गेले, तर पत्र्याच्या फटीतून बायका बाहेर येत होत्या. एकीला विचारलं, "ताई, कुठे निघालात?" ती म्हणाली, "मॅडम, बाळाचं दूध संपलंय. आणि आत संडासाला पन्नास माणसं उभी आहेत, तिथे नाही का होणार कोरोना?"

या बाईला 'बेशिस्त' म्हणणारे कितीतरी फोन त्या महिन्यात मला आले. मोठ्या इमारतींमधून यायचे, जिथे किराणा फाटकापर्यंत पोचत होता. त्या बाईचा हिशेब आमच्यापेक्षा बरोबर होता. आम्ही तिला घरात थांबायला सांगत होतो आणि दिवसातून दोन वेळा पन्नास माणसांच्या रांगेत उभं करत होतो.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी बदलल्या. तुंबलेल्या शीट दुरुस्त करून घेतल्या, दिवसातून अनेकदा धुवायला माणसं लावली आणि संडासात रात्रीचा दिवा लावला. दिवा नसल्यामुळे बायका अंधार पडायच्या आत एकदम गर्दी करत होत्या, हे एका आशाताईनं सांगेपर्यंत आमच्यातल्या कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. दुसरं, गल्लीतल्याच मुलांकडे दूध, भाजी आणि औषधं आत पोचवायचं काम दिलं. तिसरं, शिधापत्रिका नसलेल्यांची वेगळी यादी केली. केंद्राचं माणशी पाच किलो मोफत धान्य रेशन कार्डावर मिळत होतं. राज्यानं केशरी कार्डवाल्यांना आठ रुपये किलोनं गहू आणि बारा रुपये किलोनं तांदूळ दिला. पण गावाकडच्या कार्डावर नाव असलेला, शहरात भाड्यानं राहणारा मजूर या दोन्हींत बसत नव्हता, आणि पत्रे आधी तोच ओलांडत होता. त्याच्यासाठी एका गुरुद्वाराचा लंगर आणि एका तरुण मंडळाचं स्वयंपाकघर उभं राहिलं. ती वस्ती पुढे पाच आठवडे शांतपणे बंद राहिली. माणसं तीच होती.

धारावीत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. तिथे पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० ला सापडला. जेमतेम दोन-अडीच चौरस किलोमीटरमध्ये सहा लाखांहून जास्त माणसं, आणि बहुतेकांची भिस्त सार्वजनिक संडासांवर. घरात विलगीकरण शक्यच नव्हतं, म्हणून पालिकेनं शाळा, सभागृहं, क्रीडा संकुल ताब्यात घेतलं. वस्तीतले खासगी डॉक्टर घरोघर तपासणीला उतरले. तयार जेवण वाटलं गेलं, संडास पुन्हा पुन्हा निर्जंतुक केले गेले. डिसेंबर २०२० च्या अखेरीस एक दिवस असा आला की धारावीत एकही नवा रुग्ण सापडला नाही.

पण या यशाची गोष्ट सांगताना एक आकडा झाकायचा नाही. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ताची पाहणी झाली. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, आणि त्याच वॉर्डांतल्या बिगर-झोपडपट्टी भागात १६ टक्के. नियम दोघांना एकच होते. घराचं क्षेत्रफळ वेगळं होतं. तेव्हा 'किती दिवस' या प्रश्नाआधी 'कुणाला आणि कुठल्या जागेत' हा प्रश्न येतो. जिथे अंतर ठेवायला चौरस फूटच नाहीत, तिथे ज्येष्ठांना आणि मधुमेही, क्षयरोगी माणसांना काही आठवडे चांगल्या जागी हलवणं, हवा खेळती ठेवणं आणि चाचणी दाराशी नेणं, याचाच उपयोग होतो. बाकीच्यांना आणखी कडक डांबून काही हाती लागत नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. २०२० ची देशव्यापी टाळेबंदी २१ दिवसांची म्हणून सुरू झाली. मग १९ दिवस वाढली, मग १४, मग आणखी १४. एकूण ६८ दिवस. पत्र्याच्या आतल्या लोकांची मोजणी तर त्याहून क्रूर होती. गल्लीत नवा रुग्ण सापडला की दिवस पुन्हा पहिल्यापासून. एका आजोबांनी भिंतीवर कोळशानं रेघा ओढल्या होत्या. अकराव्या रेघेनंतर त्या पुसल्या आणि पुन्हा एक ओढली. असं तिसऱ्यांदा झालं, तेव्हा त्यांनी रेघा ओढणं सोडलं आणि त्याच संध्याकाळी ते कोपऱ्यावर जाऊन बसले. मला त्यांचा राग आला नाही. लांब काळ सोसता येतो, दरवेळी पुढे सरकणारी तारीख सोसवत नाही.

इटलीत २०२० च्या वसंतात लोकांना विचारून एक अभ्यास झाला. टाळेबंदी आपल्या अंदाजापेक्षा जास्त वाढली तर घरात थांबायची तयारी कमी होते, असं त्यात दिसलं. मानसशास्त्रज्ञांनी आधीच्या साथींतल्या विलगीकरणाचा जो आढावा घेतला, त्यातही हेच आहे. मुदत शास्त्र सांगतं तेवढीच ठेवा, आणि एकदा सांगितलेली मुदत फार मोठं कारण असल्याशिवाय वाढवू नका. त्याच आढाव्यात त्रास वाढवणारी कारणं सांगितली आहेत: लांबलेला काळ, लागण होण्याची भीती, कंटाळा, अपुरा शिधा, अपुरी माहिती, बुडालेला पैसा, लोकांचं बोट दाखवणं. या यादीत बहुतेक गोष्टी प्रशासनाच्या हातातल्या आहेत.

आणि हे आपल्याला परदेशी अभ्यासांतूनच कळायला हवं असंही नाही. सातारा जिल्ह्यातली माझी आजी प्लेगच्या गोष्टी सांगायची. घरात उंदीर पडायला लागले की गाव उठायचं. गाडीत धान्य, जातं, पाळणा घालून माणसं रानात जायची, माळावर झोपड्या पडायच्या, दोन-तीन महिने सगळा संसार तिथे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कुणी हुकूम देत नसे. प्लेगच्या पिसवा उंदरांबरोबर घरात राहतात, म्हणून घर सोडणं हा उपाय लागूही पडत होता. पण तो टिकला कशामुळे? रान जवळ होतं, गुरं सोबत होती, शेतीचं काम चालू राहत होतं, शेजार तुटत नव्हता. गाव एकत्र हलायचं. मुख्य म्हणजे कधी जायचं आणि कधी परतायचं हे गावच ठरवायचं.

त्याच आजारात, त्याच मुलखात, १८९७ च्या पुण्यात काय झालं ते आपण शाळेत शिकतो. रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घरांत शिरले, बायकांची तपासणी रस्त्यावर झाली, माणसं ओढून छावणीत नेली गेली, सामान जाळलं गेलं. मार्चमध्ये झडत्या सुरू झाल्या आणि २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याआधी, ऑक्टोबर १८९६ मध्ये, मुंबईत गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली होती. पुढे सरकारनंही सक्तीचा हात आखडता घेतला. वेगळं राहायला नकार देणारी म्हणून ज्या माणसांची नोंद झाली, तीच माणसं दरवर्षी आपणहून माळावर राहत होती. सावित्रीबाई फुले यांनी याच साथीत पुण्याजवळ माळावर, त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांच्या दवाखान्यात रुग्ण आणले आणि १० मार्च १८९७ ला त्या स्वतः त्या आजारानं गेल्या. रुग्ण त्यांच्याकडे येत होते, कारण तिथे नेलेलं माणूस सांभाळलं जाईल असा विश्वास होता. मार्च २०२० मध्ये आपण साथरोग कायदा बाहेर काढला तोही १८९७ चाच. कायदा घेताना ही दुसरी अर्धी आठवणसुद्धा घ्यायला हवी होती.

तुमचे वरिष्ठ ज्याला 'लोक कंटाळतात' म्हणतात, त्यावर ब्रिटनमध्ये मार्च २०२० मध्ये मोठा वाद झाला. बंधनं फार लवकर लावली तर लोक थकतील आणि नेमक्या वेळी मोडतील, असा सूर सरकारकडून निघाला. त्यावर सहाशेहून अधिक वर्तनशास्त्रज्ञांनी उघड पत्र लिहून त्या थकव्याचा पुरावा मागितला. नंतर लोकांनी, लोकांबद्दलच्या अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त काळ पाळलं. चौदा देशांतल्या वर्षभराच्या पाहण्या एकत्र करून झालेल्या अभ्यासातही चित्र असंच आहे. माणसांपासून दूर राहणं काळानुसार कमी झालं, पण घसरण माफक होती. मास्क लावणं उलट वाढत गेलं. ज्याची रोजची किंमत कमी ते सवयीचं होतं, ज्याची किंमत रोज मोजावी लागते ते झिजतं. थकवा खोटा आहे असं मी म्हणणार नाही, मी स्वतः तो दीड वर्ष अंगावर वागवला. पण उशिरा बंधनं लावायचं कारण म्हणून कुणी तो पुढे केला तर कृपया मान्य करू नका. उशीर झाला की लाट मोठी होते, आणि मग बंधनं जास्त दिवस लागतात.

विलगीकरणाच्या दिवसांबाबतही थोडं. सुरुवातीला रुग्णाच्या संपर्कातली नावं विचारली की लोक गप्प बसायचे. नाव दिलं की त्या माणसाला केंद्रात नेणार, त्याची रोजी बुडणार, चाळीत त्याच्या घरावर बोट रोखलं जाणार. नाव देणं म्हणजे घात करणं असं झालं होतं. ज्या भागात संपर्कातल्या घराला पंधरा दिवसांचा शिधा त्याच दिवशी मिळू लागला, तिथे लोक आपणहून नावं द्यायला लागले. ऑगस्ट २०२० मध्ये कोकणात गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांचा प्रश्न आला. चौदा दिवस वेगळं राहायचं म्हटलं तर रजाच संपत होती. दिवस दहा केले गेले. त्यावर आमच्या क्षेत्रात बरीच टीका झाली, मला मात्र तो निर्णय योग्य वाटला आणि आजही वाटतो. चौदा दिवस सांगून लोकांनी रात्रीतून गुपचूप गाव गाठण्यापेक्षा, दहा दिवस सांगून त्यांनी शाळेच्या खोलीत उघडपणे राहिलेलं आरोग्याला जास्त उपयोगाचं. जानेवारी २०२२ मध्ये सौम्य रुग्णांचं घरगुती विलगीकरण सात दिवसांवर आलं, त्यामागेही थोडं असंच आहे: लागण देण्याची ताकद पहिल्या काही दिवसांत सर्वात जास्त असते.

उत्सवांबद्दल आपल्याकडे उगाच भीती बाळगली जाते. २०२० ची आषाढी आठवा. पायी वारी झाली नाही, संतांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. वारकरी संप्रदायातल्या ज्येष्ठांशी बोलणं झालेलं होतं, परंपरा खंडित होणार नाही याची काळजी घेतली होती, आणि लाखो माणसं घरी थांबली. मंडळांच्या गणेशमूर्ती चार फुटांच्या आत आल्या. लोकांना कारण पटलं आणि मान राखला गेला तर ते मनातली मोठी गोष्टही वर्षभर बाजूला ठेवतात.

शाळांबाबत मात्र मला अजून वाईट वाटतं, आणि यात आमच्या क्षेत्राचाही दोष आहे. मार्च २०२० च्या मध्याला शाळा बंद झाल्या. हॉटेलं ५ ऑक्टोबर २०२० ला उघडली. देवळं दिवाळी पाडव्याला उघडली. शहरांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले, आणि जानेवारीत पुन्हा काही आठवडे बंद झाले. डेन्मार्कनं लहान मुलांच्या शाळा एप्रिल २०२० मध्येच उघडल्या होत्या. स्वीडननं त्या बंदच केल्या नाहीत. आपल्याकडे शाळा इतक्या दिवस बंद ठेवता आल्या, कारण मुलं मोर्चा काढत नाहीत, त्यांचं दुकान नसतं. एखादं बंधन टिकतंय म्हणून ते ठेवावं असं होत नाही. वस्तीतली जी मुलं मोबाईलअभावी वीस महिने घरी बसली, त्यातल्या काही मुली मला नंतर प्रसूतिपूर्व तपासणीच्या रांगेत भेटल्या. सतरा वर्षांची एक होती, दहावीला बसणार होती.

तुमच्या सहकारी मेलबर्नचं उदाहरण देतील. तिथे सहा टाळेबंद्या मिळून २६२ दिवस झाले, आणि लोकांनी ते बऱ्याच अंशी पाळले. ते दिवस सलग नव्हते, आणि पगार बुडालेल्यांना सरकार पैसे देत होतं. न्यूझीलंडनं पहिली कडक टाळेबंदी साधारण पाच आठवडे ठेवली आणि जून २०२० च्या सुरुवातीला देशात एकही सक्रिय रुग्ण उरला नाही. लोकांना फळ दिसलं. शांघाय २०२२ मध्ये दोन महिने बंद राहिलं. तिथे लोकांना जेवण मिळेना, बंदी कधी उठेल हेही कुणी सांगेना. डिसेंबरमध्ये निदर्शनांनंतर सगळी बंधनं एकदम सैल झाली, तीही कित्येक ज्येष्ठांचं लसीकरण पूर्ण झालेलं नसताना. इतकी वर्षं टिकवलेले दिवस तिथे कारणी लागले नाहीत.

आता तुमचा रकाना. 'कालावधी' खोडा आणि तिथे 'कधी लावायचं, कधी उठवायचं' असं लिहा. आपल्याकडे याचा एक चांगला नमुना आहे. जून २०२१ मध्ये राज्यानं पाच स्तर ठरवले. चाचण्यांतलं बाधितांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजनच्या खाटा पंचवीस टक्क्यांहून कमी भरलेल्या, तर पहिला स्तर. प्रमाण वीस टक्क्यांच्या वर किंवा खाटा पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त भरलेल्या, तर पाचवा. दर गुरुवारी आकडे, सोमवारपासून बदल. आमच्या भागातले रिक्षावाले, सलूनवाले गुरुवारी आकडे विचारायला दवाखान्यात यायचे. आपण मास्क लावला तर पुढच्या सोमवारी दुकान दोन तास जास्त उघडेल, असा धागा त्यांना पहिल्यांदाच दिसत होता. तीनच आठवड्यांत, २५ जूनला, डेल्टा प्लस या नव्या विषाणूप्रकाराच्या धास्तीनं सगळे जिल्हे किमान तिसऱ्या स्तरावर आणले गेले. कारण खरं होतं, पण आकडे चांगले असूनही दुकान लवकर बंद करावं लागलं, आणि त्यानंतर गुरुवारी विचारायला कुणी आलं नाही. म्हणून तुमच्या आराखड्यात नवा विषाणूप्रकार आला तर काय होईल याची ओळ आधीच घाला.

कडक टाळेबंदीसमोर 'चार आठवडे, एकदाच दोन आठवड्यांची वाढ' लिहा आणि त्या चार आठवड्यांत काय उभं करायचं त्याची यादी जोडा. प्रत्येक शनिवारी ती यादी लोकांसमोर वाचून दाखवायची: इतक्या खाटा झाल्या, इतक्या चाचण्या, इतकं बाकी. शाळांसमोर लिहा, सर्वात शेवटी बंद, सर्वात आधी सुरू. घरी थांबण्यासमोर रोजंदारीची रक्कम लिहा आणि ती कुठल्या खात्यातून येणार तेही. तो आकडा मंजूर झाला नाही, तर मजुराच्या विलगीकरणाचे दिवसही खोडून टाका, ते पाळले जाणार नाहीत.

आणि आराखडा वर पाठवण्याआधी दोन दिवस काढून आशाताईंबरोबर तुमच्या हद्दीतले सार्वजनिक संडास फिरून मोजा. किती शीट चालू, किती तुंबलेल्या, पाणी कुठे आहे, रात्री दिवा कुठे लागतो. त्या वस्त्या किती दिवस घरात राहू शकतील, ते त्या वहीतच सापडेल.